आधी एक पावसाळा पाहा, मग भिंत बांधा

२१ जुलै २०२१. त्या दिवशी बकरी ईद होती. त्या रात्री चिपळूण परिसरात जो पाऊस झाला तो सगळ्या महाराष्ट्राने दुसऱ्या दिवशी टीव्हीवर पाहिला. वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, बाजारपेठ बुडाली. त्याच रात्री शहरापासून दूर, खाडीकाठच्या आमच्या गावात माझ्या मामूंच्या घराची नवी कोरी कंपाउंडची भिंत पडली. ही बातमी कुठेच आली नाही, येण्यासारखी नव्हतीही. पण गेली चार वर्षे त्या भिंतीबद्दल मी विचार करते आहे, आणि आज लिहिते आहे ते तिच्यामुळेच.

भिंत पडली म्हणजे अशी पडली : डोंगरावरून येणारा एक पऱ्या मामूंच्या परसातून खाली शेताकडे जातो. मार्च महिन्यात तो कोरडा असतो. मार्चमध्ये पाहिले तर तिथे दगडगोटे, पाचोळा आणि एक खोलगट वाट एवढेच दिसते. मामूंनी मार्चमध्येच पाहिले आणि मार्चमध्येच भिंत बांधली. पाण्यासाठी तळाशी चार इंची पाइप टाकला. जुलैमध्ये त्या पाइपाच्या तोंडाशी फांद्या अडकल्या, पाणी भिंतीमागे कमरेएवढे चढले आणि रात्री दोनच्या सुमारास भिंत आडवी झाली. सगळे पाणी खालच्या शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात गेले. त्यांचे वर्षाचे तांदूळ भिजले. कुणाला इजा झाली नाही, अल्हमदुलिल्लाह. पण दुसऱ्या दिवशी मामू त्या घरी गेले तेव्हा त्यांना मान वर करता येत नव्हती.

आधी तिथे जुना गडगा होता. एकावर एक नुसते रचलेले जांभ्याचे चिरे, मध्ये ना सिमेंट ना माती. गडग्यातून पाणी झिरपते, मुंगूस जाते, सरडा राहतो, आणि एखादा दगड निखळला तर सकाळी उचलून परत ठेवता येतो. मुमानीने सांगितले होते, "इथे भिंत टिकायची नाही, पाणी वाट काढतं." मामूंना ते बाईमाणसाचे बोलणे वाटले. छत्तीस पावसाळे त्या घरात तिने काढले होते. मामूंनी एकही धड काढला नव्हता.

हे मी मामूंना दोष देण्यासाठी लिहीत नाही. हिशोब मांडून पाहा. मामू १९८३ साली कुवेतला गेले तेव्हा बावीस वर्षांचे होते. कायमचे परतले २०२१ च्या जानेवारीत. मधली दोन वर्षे सोडली तर छत्तीस वर्षे नोकरी. दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. म्हणजे छत्तीस वर्षांत छत्तीस महिने, तीन वर्षे. आणि ही सगळी सुट्टी एप्रिल-मेमध्ये. आंबा, फणस, लग्ने, दावती, मुलांच्या शाळेला सुट्टी. मिरग लागायच्या आत बॅगा भरलेल्या. त्यांना गाव ठाऊक होते ते मे महिन्यातले : तांबडी धूळ, कोरड्या विहिरी, संध्याकाळचा खारा वारा. जून ते सप्टेंबरचे गाव हे वेगळेच गाव असते, आणि तिथे त्यांचे घर होते पण ओळख नव्हती.

मधली दोन वर्षे म्हणजे १९९० ते १९९२. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले आणि लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आले, त्यांत मामू होते. ऑगस्टच्या अखेरीस ते एका पिशवीनिशी घरी पोहोचले. बाहेर पाऊस होता. पण तेव्हा त्यांचे लक्ष पोस्टमनकडे आणि रेडिओकडे होते. पाऊस पाहण्याची ती वेळ नव्हती. पुढचा पावसाळा मुंबईत एजंटांच्या कचेऱ्यांचे जिने चढण्यात गेला.

कोकणातल्या मुस्लिम गावांत अशी माणसे घरोघरी आहेत. ज्या देशात वर्षाला शे-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथे आयुष्य काढायचे आणि जिथे सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो तिथे म्हातारपण काढायला यायचे. कुवेतमध्ये पाऊस आला तर लोक गाडी बाहेर काढून समुद्रावर जातात. इथे पाऊस आला की छत्री, सर्दी, ओले कपडे आणि गेलेली वीज. निवृत्त होऊन आलेला माणूस पहिल्याच जूनमध्ये घाबरतो. मग तो काय करतो? सगळे अंगण पेव्हर ब्लॉकने झाकतो, जेणेकरून चिखल नको. चारी बाजूंनी भिंत घालतो, जेणेकरून साप नको. कोपऱ्यांवर मोठे दिवे लावतो, जेणेकरून अंधार नको. घराजवळचे झाड तोडतो, जेणेकरून टेरेसवर पाला नको. थोडक्यात, तो आपल्या गावात एक छोटे कुवेत बांधतो आणि त्यात खिडक्या बंद करून बसतो. दोन वर्षांत रक्तदाब, मधुमेह आणि चिडचिड. मुले फोनवर विचारतात, "अब्बा, तिथे करमत नाही का?"

माझे म्हणणे एवढेच आहे : परत आल्यावर पहिला एक पावसाळा काहीही बांधू नका. नुसते पाहा. आणि ज्यांनी आजवर पाहिले आहे त्यांना विचारा.

मामू पाहायला लागले ते ठरवून नव्हे. भिंत पडल्यावर ऑगस्टमध्ये चार दिवस उघडीप मिळाली, तेव्हा त्यांनी जेसीबी मागवला. राडारोडा काढून पऱ्याचे दोन्ही काठ काँक्रीटचे करायचे असा नवा बेत होता. मी रविवारची गावी गेले होते. मुमानी मला परसात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "ह्या बिळात दर पावसाळ्यात एक पाखरू येतं. आताही आहे. मशीन आलं तर मरेल." काठाच्या तांबड्या मातीत हातभर उंचीवर दोन बोटे जातील एवढे भोक होते. आम्ही मागे सरकून पडवीत बसलो. वीसेक मिनिटांनी एक रंगीत ठिपका सुळकन आला आणि भोकात शिरला. चिमणीएवढा. पोट नारिंगी-पिवळे, डोक्यावर जांभळट झाक, पाठ गडद निळी, चोच लालभडक. तो तिबोटी खंड्या होता. बाकी बहुतेक खंड्यांच्या पायाला चार बोटे, याला तीन, म्हणून तिबोटी. पावसाळ्यातच तो कोकणात वीण करतो, आणि घरटे करतो ते पऱ्याच्या किंवा जुन्या पायवाटेच्या कडेच्या मातीत बोगदा खणून. काठ काँक्रीटचा झाला की त्याचे घर संपले. पुढच्या वर्षी तो त्या जागी येतो, चोच मारतो आणि निघून जातो.

मामूंना मी म्हटले, "तीन आठवडे थांबता का?" ते म्हणाले, "जेसीबीवाल्याला काय सांगू? पाखरू आहे म्हणून?" मुमानी म्हणाली, "हो, तसंच सांगा." त्यांनी जेसीबीवाल्याला अर्ध्या दिवसाचे पैसे दिले आणि परत पाठवला. तो हसत गेला, हे सांगायला हवे.

मामू कुवेतमध्ये स्टोअरकीपर होते. नोंद ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी शाळेतली एक वही त्यांना दिली. बी.एड. करताना आम्हाला निरीक्षण नोंदवायला शिकवले होते : तारीख, वेळ, काय दिसले, आणि आपला अंदाज वेगळ्या रकान्यात. मामूंनी तसेच रकाने आखले. खंड्या किती वाजता आला, चोचीत काय होते : सापसुरळी, पाल, छोटा खेकडा, बेडकी. एका दिवशी त्यांनी सकाळपासून असरपर्यंत एकतीस फेऱ्या मोजल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला पिल्ले उडून गेली. काँक्रीट झालेच नाही. पडलेल्या चिऱ्यांचा गडी लावून पुन्हा गडगा रचला, पऱ्याची वाट मोकळी ठेवून.

यंदा त्यांचा पाचवा पावसाळा. वहीच्या सात वह्या झाल्या आहेत. त्यांतून मला जे कळले त्यातले थोडे इथे देते.

मे संपता संपता काजवे येतात आणि जूनच्या मध्यापर्यंत राहतात. मामूंनी भिंतीवरचे मोठे दिवे पहिल्या वर्षी रात्रभर चालू ठेवले होते, तेव्हा काजवे परसाच्या पार टोकाला दिसायचे. दिवे बंद केल्यावर ते पडवीच्या पायरीपर्यंत आले. काजव्याचे लुकलुकणे हे जोडीदाराला बोलावणे असते. प्रखर उजेडात ते बोलावणे पोहोचत नाही. पहिल्या मोठ्या सरीला बैलबेडूक पिवळेधमक होऊन शेतात ओरडतात. तो रंग नरांचा, आणि थोड्या दिवसांचा. याच बेडकांच्या तंगड्या एके काळी आपल्या देशातून परदेशी जात. त्या व्यापाराविरुद्ध लिहिणाऱ्यांत मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली होते. १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. जूनमध्येच नवरंग येतो, दोन सुरांची शीळ घालतो आणि झाडीत जमिनीवर पाला उलटत फिरतो. चातक त्याच सुमारास आफ्रिकेकडून अरबी समुद्र ओलांडून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. पाऊस सरताना भाताच्या खाचरांवर पिवळसर चतुरांचे थवे दिसतात. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले की हे चतुर भारतातून मालदीवमार्गे थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. मी हे सांगितले तेव्हा मामू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ह्यांना व्हिसा लागत नाही." आणि वहीत तारीख लिहिली.

आपल्याकडे पक्षी पाहणे हा श्रीमंतांचा किंवा "त्यांचा" छंद समजला जातो. दुर्बीण लावून बसलेला दाढीवाला माणूस पाहिला की आपलीच मुले हसतात. मला याचे नवल वाटते. या देशाला पक्षी पाहायला ज्यांनी शिकवले ते डॉ. सालिम अली मुंबईच्या मुस्लिम घरातले. आमच्या शाळेत त्यांचे नाव सामान्यज्ञानाच्या एका गुणासाठी पाठ केले जाते, पुढे काही नाही. १९३० साली त्यांना नोकरी नव्हती. ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि त्या पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची एक वसाहत रोज पाहत बसले. बेकार माणसाने पाखरे पाहत बसणे, शेजारीपाजारी काय म्हणाले असतील याची कल्पना करा. पण त्या पाहण्यातून निघालेला अभ्यास आजही महत्त्वाचा मानला जातो. आपण मराठीत सुगरण म्हणतो आणि ती बाई समजतो. घरटे विणतो तो नर. आणि तो ते पुरे विणत नाही. अर्धे विणून थांबतो. मादी येते, आत शिरून पाहते, तिला पटले तरच तो पुढचे काम करतो. पटले नाही तर ते अर्धे घरटे तसेच लोंबत राहते.

हे मी पडवीत सांगत होते. मुमानी तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पाखरू अर्ध्यावर थांबून विचारतं. आमच्याकडे नकाशा कुवेतहून आला." मामू खूप हसले, मग हसायचे थांबले. (एका मादीचे घरटे झाले की तो नर दुसरीसाठी नवे विणायला घेतो, हा पुढचा भाग मी त्या दिवशी सांगितला नाही.)

मुमानीच्या या एका वाक्यात माझा मुख्य मुद्दा आहे. आखातात गेलेल्या पुरुषांनी कष्ट काढले, उन्हात उभे राहून घर चालवले, हे कुणी नाकारू नये. पण त्या काळात गाव सांभाळले बायकांनी. आगोटीच्या आधी लाकडे कोरडी ठेवणे, सुकट-जवळा डब्यात भरणे, कौले चाळून घेणे, पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे ओळखणे, कुठली धामण आहे आणि कुठली घोणस हे रात्री कंदिलाच्या उजेडात ठरवणे, टाकळा-कुर्डू कधी कोवळे असते ते जाणणे. हे ज्ञान कुठल्या वहीत नाही, त्यामुळे ते ज्ञान आहे असे कुणाला वाटतच नाही. माणूस परत येतो, गवंड्याला बोलावतो, आणि छत्तीस पावसाळ्यांचे ज्ञान आत चहा करत असते.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. पहिला आक्षेप मुमानीचाच आहे. ती म्हणते, "तुम्हाला पाऊस सुंदर दिसतो, कारण तुम्ही खुर्चीवर बसून पाहता. ओल्या लाकडाचा धूर मी खाल्ला. शेवाळलेल्या पायरीवरून मी पडले." तिला स्वयंपाकघरात कोरडी फरशी हवी होती, विहिरीपर्यंत पक्की वाट हवी होती, आणि ती तिला मिळायलाच हवी होती. मिळाली. सिमेंटशी माझे भांडण नाही. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले तर पाखरे उपयोगी पडत नाहीत. प्रश्न सिमेंट कुठे घालायचे हा आहे, आणि ते पावसाळा पाहिल्यावरच कळते.

दुसरा आक्षेप सापा-विंचवाचा. रत्नागिरीत फुरसे आहे, नाग, मण्यार, घोणस आहेत. विंचू आहे, विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातले किती जीव वाचवले हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा भीती खरी आहे. पण भीतीचा उपाय उंच भिंत नाही. रात्री बॅटरी, पायात बूट, लाकडे घरापासून दूर, अंथरूण जमिनीवर नको, आणि दंश झाला तर मांत्रिकाकडे न जाता तडक सरकारी दवाखाना. धामण दिसली की काठी काढू नका. ती बिनविषारी आहे आणि उंदीर खाते. पावसाळ्यात उंदरांमुळे लेप्टोचा ताप येतो, तो सापापेक्षा जास्त घरांत शिरतो.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, आमची चूक. २०२२ मध्ये मामूंच्या पुतण्याने खंड्याचा फोटो व्हॉट्सअपवर टाकला, गावाच्या नावासकट. पुढच्या रविवारी सहा गाड्या आल्या. मोठमोठे कॅमेरे, आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणे सुरू. खंड्या चोचीत सरडा घेऊन समोरच्या फांदीवर तासभर बसून राहिला, बिळात जाईना. मामूंनी वहीत ती वेळ लिहिली आणि मग उठून सगळ्यांना चहा देऊन नम्रपणे रवाना केले. तेव्हापासून नियम : फोटो दाखवा, जागा सांगू नका. म्हणून या लेखातही गावाचे नाव नाही.

धर्माचे नाव मी उगाच मध्ये आणत नाही, पण आपल्या वाचकांसाठी दोन शब्द. कुरआनातल्या सूरांची नावे पाहा : मुंगी, मधमाशी, कोळी, हत्ती. सृष्टीकडे पाहून विचार करण्याचे आवाहन त्यात पुन्हा पुन्हा येते. पाऊस आला तेव्हा प्रेषितांनी (स.) अंगावरचे वस्त्र बाजूला करून थेंब अंगावर घेतल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आणि एक व्यवहाराची गोष्ट : पाखरे सर्वांत जास्त हलतात ती फजरनंतर आणि मगरिबच्या आधी. जो माणूस फजरला उठतोच, त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही. मशिदीतून घरी येताना दहा पावले हळू टाकावी लागतात, एवढेच.

मामूंची गोष्ट विजयाची नाही. गावातल्या वरच्या अंगाला पऱ्याचे काठ काँक्रीटचे करायचे ठरले तेव्हा मामू जमातीच्या बैठकीत उभे राहिले. कुणीतरी म्हणाले, "खंड्यासाठी काम अडवता काय?" सगळे हसले. काम झाले. त्या पट्ट्यात आता खंड्या नाही, आणि पाणी मात्र पूर्वीपेक्षा जोरात खाली येते. मामूंची दोन्ही मुले बाहेर आहेत. खालचे भाताचे खाचर भरून प्लॉट पाडावेत असे त्यांचे म्हणणे आहे. चांगला भाव आहे, हेही खरे. मामूंनी नाही म्हटलेले नाही, आणि हो पण म्हटलेले नाही. त्यांनी मुलांना एकच अट घातली आहे : आधी दोघांनी येऊन एक पावसाळा इथे राहायचे, जूनपासून सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर जे ठरवाल त्यावर सही करतो.

मुले म्हणतात, इतकी रजा मिळत नाही. त्यांचे खरे आहे. मामूंनाही छत्तीस वर्षे मिळाली नव्हती.